जावयाची विश्रांती, सासूबाईंची उडी

प्रवास कंपनीतल्या त्या कारकुनाचा दावा होता की, माणूस खुर्चीत कसा टेकतो एवढं पाहिलं की त्याला डोंगर मानवेल की समुद्र, हे आपण छातीठोक सांगू. साहेबांना ते पटलं. त्यांनी त्याच्याकडून वीस प्रश्नांचा फॉर्मच करून घेतला आणि पहिला प्रयोग त्याच्या घरच्यांवर ठरवला. अट एकच: फॉर्म म्हणेल तिथे मुकाट्याने जायचं.

बायकोला समुद्रकिनारा निघाला. ती लगेच बॅग भरायला गेली. सासूबाईंनी चष्मा पुसून सावकाश उत्तरं लिहिली. ‘अनोळखी खोलीत शिरल्यावर आधी काय पाहता?’ यापुढे त्यांनी लिहिलं, ‘खिडकी किती उंचावर आहे ते.’ त्यांना निघाली विमानातून पॅराशूटची उडी. आणि स्वतःला जातिवंत भटक्या समजणाऱ्या कारकुनाला टेकडीच्या पायथ्याचं विश्रामधाम, वय सत्तरच्या पुढे!

फॉर्म चुकला म्हणावं तर नोकरी जाते, बरोबर म्हणावं तर अब्रू. बिचारा गेला.

तिथे नर्सबाईंनी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यांवर शाल टाकली. आपण एकोणचाळीस वर्षांचे आहोत, हा फॉर्म आपणच बनवलाय, असं त्याने परोपरीने सांगितलं. नर्सबाईंनी मायेने मान हलवली. शेजारचे आजोबा स्वतःला आरमाराचे प्रमुख म्हणवत, त्यांच्यापुढेही त्या अशीच मान हलवत. तिसऱ्या दिवशी तो पळाला, फाटकाशी सापडला. खुर्चीला पट्टा आला.

चौथ्या दिवशी वारा फिरला. टेकडीपलीकडे उतरायच्या त्या सासूबाई थेट विश्रामधामाच्या गुलाबांत उतरल्या. कारकुनाने हंबरडाच फोडला. नर्सबाईंनी सासूबाईंना विचारलं, हे तुमचे कोण? त्याची सुटका आता त्यांच्या एका शब्दावर होती. सासूबाईंनी हेल्मेट काढलं, त्याचे भरलेले गाल न्याहाळले.

“जावई,” त्या म्हणाल्या. “घरी फार धावपळ करतात हो. राहू द्यात की थोडे दिवस.”

आणि दुसऱ्या उडीला उशीर होतोय म्हणत त्या निघूनही गेल्या. त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण बाहेर पडली जांभई.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. नर्सबाईंनी सांगितलं की पेशंट झोपलेत. आणि कोणी विचारलंच, तर असा कोणी कारकून इथे नाही म्हणून सांगा, असं पेशंटनी स्वतःच बजावून ठेवलंय.