वानखडे काकांचे दोन साहेब

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक गृहस्थ डोळे मिटून गाडीच्या चाकाशी बसलेले दिसले, तर घाबरू नका. त्यांना चक्कर आलेली नाही. ते वानखडे काका आहेत आणि ते नट आवळताहेत.

हातात हातभर लांबीचा चकचकीत पाना, मान जराशी कललेली, चेहऱ्यावर तंबोरा जुळवणाऱ्या माणसाचा भाव. कोवळं ऊन पार्किंगमध्ये तिरपं उतरलेलं असतं आणि बुचाची फुलं गाड्यांच्या टपांवर एकेक करून पडत असतात. हडपसरच्या रस्त्यावरचे हॉर्न, तिसऱ्या मजल्यावरचा मिक्सर, सगळं काकांच्या लेखी कुठल्या तरी दुसऱ्या गावात चाललेलं असतं. पाना हळूहळू खाली येतो. मग 'टिक्' असा बारीक आवाज होतो. काका डोळे उघडतात, लांबच्या प्रवासाहून परत आल्यासारखे आपल्याकडे बघतात आणि म्हणतात, "साहेब बोलले. झालं."

साहेब म्हणजे तो पाना. त्याचं खरं नाव टॉर्क रेंच. कुठला नट किती जोराने आवळायचा हा आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. तो या पान्याच्या मुठीवर लावायचा आणि आवळत जायचं. तेवढा जोर झाला की पाना 'टिक्' करतो. तिथे थांबायचं. काकांकडे असे दोन आहेत. चाकांसाठी थोरले साहेब आणि इंजिनाच्या नाजूक कामासाठी धाकटे साहेब.

काका मूळचे यवतमाळकडचे. विशीत नोकरीसाठी हडपसरला आले आणि उभा जन्म एका इंजिनांच्या कारखान्यात जोडणी खात्यात घालवून निवृत्त झाले. स्वतःची गाडी त्यांनी कधीच घेतली नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मले बसायचा शौक नाई. आवळायचा आहे." म्हणून ते आमच्या गाड्या आवळत. चाकं काढून परत बसवली, की शंभरेक किलोमीटर फिरून या आणि पुन्हा दाखवा, असा त्यांचा दंडक होता. नाही दाखवलं, तर जिन्यात अडवत.

साहेबांची बडदास्त मोठी. काम संपलं की मुठीवरचा आकडा सगळ्यात खाली आणायचा, म्हणजे आतल्या स्प्रिंगला आराम. याला काका 'साहेबांचा ताण उतरवणे' म्हणत. पण त्याहूनही ढिलं सोडायचं नाही, "नाहीतर साहेबांचं डोकं फिरते." मग कोरड्या मऊ फडक्याने पुसून पेटीत आडवं ठेवायचं. आणि जाम झालेला नट सोडवायला साहेबांना कधीही बोलवायचं नाही. त्या कामाला एक जुना साधा पाना होता. त्याचं नाव शिपाई.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी एकदा थोरल्या साहेबांना नटावर अडकवलं आणि नट सुटेना म्हणून त्यावर चक्क उभे राहिले. काका ओरडले नाहीत. फक्त पुढचे दोन महिने कुलकर्ण्यांना 'आपण' म्हणत राहिले. कुलकर्णी सदाशिव पेठेतले असल्यामुळे त्यांना या शिक्षेची तीव्रता बरोबर कळली.

मी सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा काकांनी मला शिष्या करून टाकलं. "मेघना, बँकेतली नोकरी कोणीबी करते. हात काळे करून पाहाय." माझ्यासाठी पाना घ्यायला आम्ही बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने तीन पाने काढले. काकांनी एकेक कानाशी धरून मूठ फिरवली. आकड्यांच्या रेषा चष्म्याखालून आणि चष्म्यावरून तपासल्या. सगळ्यात मोठा पाना त्यांनी लगेच बाजूला सारला. "आपला आकडा याच्या मधोमध कुठंतरी यायला पाह्यजे. अगदी तळाला किंवा टोकाला आला, तर त्याचं बोलणं धरता येत नाई." अर्धा तास गेला.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, पाना घ्यायचाय की मुलगी बघायला आलात?"

"मुलीच्या वेळी एवढं नव्हतं पाह्यलं," काका म्हणाले. "तिथं फसलो नाई, हे नशीब."

दुकानदार पहिल्यांदाच हसला आणि त्याने आतला चौथा पाना काढला. तोच घेतला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या गाडीचं ऑइल आम्ही घरीच बदलायचं ठरवलं. जुनं ऑइल काढलं. काका चटई टाकून गाडीखाली झोपले आणि धाकटे साहेब घेऊन तळाचा बोल्ट आवळू लागले. इथे जोर फार थोडा लागतो, त्यामुळे 'टिक्' पण अगदी हलकी. हाताला जेमतेम कळते, कानानेच धरायची. मी शेजारी उकिडवी बसले होते. मला ती स्पष्ट ऐकू आली.

काका थांबले नाहीत.

मला वाटलं, खात्री करत असतील. पुन्हा एकदा टिक् झालं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात 'कच्' असं काहीतरी झालं आणि बोल्ट नुसताच गोल फिरायला लागला. आतले आटे गेले होते.

काका गाडीखाली तसेच पडून राहिले. मला त्यांचे पायच दिसत होते.

"काका, आवाज आला होता," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

"नाई आला." बोल्ट पुन्हा फिरवल्याचा आवाज आला. मग, "साहेब बिघडले."

आटे मेकॅनिकने नवे पाडून दिले. तासाभराचं काम. पण काका दुसऱ्याच दिवशी बस बदलत भोसरीला गेले आणि धाकट्या साहेबांना तपासणीच्या प्रयोगशाळेत देऊन आले. आठवड्याने कागद आला. तो दाखवायला ते स्वतः माझ्या दारात आले.

"साहेब बरोबर आहेत," एवढंच म्हणाले. कागदाची चार वेळा घडी घातली आणि जिना चढून गेले.

पुढच्या रविवारी काका खाली आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या नेहमीच्या जागी बुचाची फुलं तशीच पडून राहिली. माझी सकाळ कशी भरायची ते मला कळेना. तिसऱ्या रविवारी मी सरळ वर गेले.

दार काकूंनी उघडलं. काकू खाली फारशा येत नाहीत. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला आहे. सुकलेल्या पानावरून वारा जावा तसा. काका खिडकीशी बसले होते.

"चहा टाकू का?" काकूंनी त्यांना विचारलं.

"हो, कवाच बंद केला," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून आत गेल्या. काकांनी मला गॅलरीत नेलं. खाली रिक्षांची रांग होती, तिच्याकडे बघत ते बोलू लागले.

"कान गेले, मेघना. कारखान्याच्या आवाजानं. डॉक्टरनं सांगितलं त्याले दीड वर्ष झालं. मशीन लावा म्हणे."

"मग का नाही लावलं?"

"लावलं का हिले कळंल न."

"काय कळेल?"

काकांनी गॅलरीचा गज धरला. "ऑपरेशननंतर ही सहा महिने बोललीच नाई. आवाजाची लाज वाटे तिले. पाटीवर लिहून दाखवे. मी म्हणलं, बाप्पा, तू बोल, मले सगळं ऐकू येते. तवा कुठं बोलायला लागली. अन् बोलायला लागली, तं थांबेचना. इतकी खुश. तवाच माझे कान गेले. आता कोणत्या तोंडानं सांगू, का मी दीड वर्ष नुसतं हो हो करून राह्यलो?"

काकू चहा घेऊन आल्या. काहीतरी पुटपुटल्या. काकांनी जोरजोरात मान हलवली.

त्यानंतर काकांना मशीनसाठी तयार करायला मला पंधरा दिवस लागले. काकूंना आम्ही पाने बघायला जातोय असं सांगितलं आणि कानाच्या दवाखान्यात गेलो. मशीन लावून बाहेर आल्यावर काका रस्त्यावर उभेच राहिले. मोटारीचा हॉर्न ऐकून दचकले, मग भज्यांच्या हातगाडीपाशी कढईतला आवाज ऐकत रेंगाळले. "किती गलका आहे," म्हणाले, पण हसत होते. घर जवळ आलं तसं हसू मावळलं.

काकूंनी दार उघडलं. नजर सरळ काकांच्या कानावर गेली.

"लावलं का एकदाचं?" त्या म्हणाल्या.

काका उंबऱ्यातच थबकले. "तुले माहीत होतं?"

"मंग? माझ्या बहिणीची सासू वारली म्हणून सांगितलं, तं तुमी म्हणले, छान झालं, छान झालं. तवापासून माहीत आहे."

"मंग बोलत काहून राह्यली?"

काकूंनी पदराने हात पुसले. "तुमी मान इतकी मन लावून हलवत होते. मले वाटलं, एवढं कोण ऐकते आपलं."

काका खुर्चीवर बसले. दुसरी खुर्ची ओढून त्यांनी आपल्या अगदी समोर ठेवली.

"बस इथं. सगळं पुन्हा सांग. पहिल्यापासून."

"दीड वर्षाचं?"

"मले कुठं जायचं आहे?"

काकू बसल्या. आपण आता नसलेलंच बरं, म्हणून मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं. चपला घालता घालता क्षणभर थांबले. आतून काकूंची कुजबुज चालू झाली होती. शब्द मला एकही कळत नव्हता. मधूनमधून फक्त काकांचा आवाज येत होता.

"मंग?"

थोड्या वेळाने पुन्हा, "मंग?"