वलगावची चौदा नंबरची बंडी

अमरावतीच्या मालधक्क्यावर मी कामाला लागलो, त्या दिवशी काळमेघबाबूंनी माझं नाव विचारलं. मी वसंत म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

"हे नाव इथं आधीच दोघाईले देलं हाये."

तेव्हापासून त्यांच्या लेखी मी 'धक्का-तीन' झालो.

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बाबू धक्क्याचे मोठे कारकून. जिनिंगच्या कारखान्यातून, म्हणजे जिनातून, कापसाच्या गाठी बंड्यांवर, म्हणजे बैलगाड्यांवर, लादून स्टेशनात यायच्या. एखादी गाठ कमी भरली की चौकशी सुरू व्हायची. बंडीवाला कोण, तर तुकाराम. आणि तुकाराम होते नऊ. शेवटी बाबूंनी शक्कल काढली. गावाचं अक्षर आणि पुढे आकडा, बंडीच्या मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात. वलगावला 'व' मिळालं. वाठोडेकरांनाही तेच हवं होतं, त्यांना 'वा' दिलं. मग त्यांच्या बंड्या दिसल्या की हमाल "वा, वा" करायचे. वाठोडेकर दोन हंगाम बाबूंशी बोलले नाहीत. बाबूंचं म्हणणं एकच, नाव दहा जणाईचं असते, नंबर एकाचाच.

माझ्या मुलाच्या बारशालाही ते आले. आम्ही नाव ठेवलं मधुकर. घुगऱ्या खाताखाता बाबूंनी सांगून टाकलं की या गल्लीत दोन मधुकर आहेत, निदान पुढे आकडा तरी घाला. माझ्या बायकोने त्यांना तीन महिने चहा विचारला नाही. ते मात्र दर रविवारी येऊन 'म-तीन'ची खुशाली विचारून जात.

'व-चौदा' म्हणजे वलगावचा किसन. त्याच्या बंडीवरून एकही गाठ कधी कमी आली नव्हती, म्हणून जिनवाले त्या नंबराला आधी माल देत. ऐन हंगामाच्या तोंडावर किसन तापाने गेला. तेरावं उरकताच त्याचा धाकटा भाऊ धक्क्यावर आला आणि तो नंबर मागू लागला. बाबूंचा स्वतःचाच नियम होता, माल वाहणारा गेला की त्याचा नंबर खोडायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. भाऊ कुरकुरत परत गेला.

दुसऱ्याच दिवशी 'व-चौदा' भरून धक्क्याशी उभी. जिनवाल्यांनी फळी पाहून माल दिला होता. कासरा किसनच्या बायकोच्या हातात, पदर कमरेला खोचलेला. मागून दीर धावतपळत आला. हा नंबर मेला आहे, बाबू कालच बोललेत, असं तो सगळ्यांना सांगू लागला. नंबर नसला तर माल उतरत नव्हता, आणि इथून परत गेली असती तर जिनवाल्यांनी तिला पुन्हा उभं केलं नसतं.

बाबूंनी बंडीभोवती एक फेरी मारली. गाठी मोजल्या. मग नंबर कोणाचा म्हणून तिला विचारलं.

"आमचा," ती म्हणाली. "बैल ते हाकत होते. गाठी मी मोजत होती."

मला आठवलं, किसनच्या मागे गाठींवर ती नेहमी बसलेली असायची. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाबूंनीही पाहिलं नसावं. दिराने पुन्हा नियमाची आठवण करून दिली.

"वाहणारे दोन होते," बाबू म्हणाले. "एक गेला. नियम मीच लिहिला, मले समजते."

आता हिला जामीन कोण, असं दिराने विचारलं. बाबूंनी वही मागवली आणि जामिनाच्या रकान्यात आपली सही केली. एक गाठ हरवली तरी तुमची नोकरी जाईल, असं मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि रंगाचा डबा आणायला सांगितलं.

पावसाने फळीवरचं अक्षर पुसट झालं होतं. बाबू धुतलेल्या धोतराची पर्वा न करता चाकाशी उकिडवे बसले आणि अक्षर पुन्हा काढलं. वाचून दाखव, म्हणाले. तिला वाचता येत नव्हतं. मग त्यांनी बोटाने मातीत 'व' काढला, शेजारी चौदा काढले, आणि तिला गिरवायला लावलं.

तेवढ्यात मालगाडीने शिट्टी दिली. गाठी अजून बंडीवरच होत्या. बाबूंनी मला गार्डाला थांबवायला पिटाळलं. मी धावता धावता वळून पाहिलं. तिचा 'व' तिसऱ्यांदा चुकला होता, आणि बाबू तिला सांगत होते की घाई नाही.