स्थलांतर विचाराधीन आहे

लिहायला काही सुचेनासं झालं की माणूस कुठे लिहावं याचा विचार करू लागतो. हा विचार लिहिण्यापेक्षा जास्त कष्टाचा असल्यामुळे तो केल्याचं समाधानही जास्त मिळतं. आपल्या पूर्वजांनी अंगणाबद्दल हेच सांगून ठेवलं आहे, पण त्यांच्या काळी वाकडं अंगण बदलून घ्यायची सोय नव्हती. आता आहे.

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या एका तपासनीसांचा ब्लॉग होता. नोकरीत पाहिलेल्या लबाड्या ते त्यात सांगत : पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, गिऱ्हाइकाशी गोड बोलता बोलता काट्यावर टेकलेली करंगळी. ब्लॉग चांगला होता आणि त्याला ठरलेला वाचकवर्ग होता. त्यातले निम्मे घरचे (जेवताना त्यांना लेखावर प्रश्न विचारले जात) आणि उरलेले निम्मे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता शोधताना चुकून आलेले. याखेरीज एक वाचक स्वतःहून येई, लेख शेवटपर्यंत वाचे आणि खाली शेरा मारून जाई. तो तपासनीसांचा सख्खा थोरला भाऊ. राहायला वरच्याच मजल्यावर.

दोघा भावांत बोलणं नव्हतं. जिन्याखालच्या जागेत चपलांचं कपाट कोणी ठेवायचं यावरून मतभेद झाले. दोघांनीही तत्त्व सोडलं नाही, आणि पुढे आई आजारी पडली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले हेसुद्धा त्यांनी एकमेकांना बायकांमार्फत कळवलं. (तत्त्वाला जागणाऱ्या घरात बायकांना फार बोलावं लागतं.)

थोरल्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. ब्लॉगवरच्या पहिल्याच लेखाखाली ‘वरचा मजला’ या नावाने शेरा आला : “करंगळीची ळी दीर्घ. बाकी ठीक.” तपासनीसांनी खाली लिहिलं, “सूचनेबद्दल आभारी आहे.” अशा रीतीने भावाभावांतला संवाद पूर्ववत झाला. पुढे पुढे तपासनीस प्रत्येक लेखात एखादी चूक मुद्दाम ठेवू लागले, येणाऱ्यासाठी चहा झाकून ठेवावा तशी.

सगळं सुरळीत चाललं असताना सूनबाईंनी लक्ष घातलं. सूनबाई संगणकातल्या जाणकार. त्या म्हणाल्या, “बाबा, ब्लॉग दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर हलवा. इथे आता कोणी राहत नाही.”

सगळं सामान नीट येईल का, असं तपासनीसांनी विचारलं. सूनबाईंनी सांगितलं की लेख येतील, फोटो येतील, फक्त खालचे शेरे येणार नाहीत. शिवाय नव्या जागी शेरा मारायचा तर प्रत्येकाला फोन नंबर आणि जन्मतारीख देऊन नोंदणी करावी लागेल.

इथे घोडं अडलं. थोरल्यांनी आयुष्यात जन्मतारीख एकदाच खरी सांगितली होती, ती नोकरी लागताना. आणि त्याचा परिणाम म्हणून त्यांना पुढे निवृत्त व्हावं लागलं होतं. ती चूक ते पुन्हा करणार नव्हते.

हे कारण सुनेला सांगणं तपासनीसांच्या शिस्तीत बसत नव्हतं. म्हणून ते म्हणाले, “सर्व बाजूंनी विचार करावा लागेल.” लगेच समिती नेमण्यात आली. तीत ते स्वतः, बायको, मुलगा आणि सून असे सदस्य होते. बायकोला नेमणुकीची कल्पना नव्हती, पण समितीचा चहा तिच्याकडे असल्यामुळे ती पदसिद्ध ठरली.

समितीने काम कसून केलं. पहिला प्लॅटफॉर्म फुकट होता, पण त्यावर जाहिराती होत्या. दुसऱ्यावर जाहिराती नव्हत्या आणि वाचकही नव्हते. तिसऱ्यावर लेख लिहायची जागाच सापडेना, यावरून तो सर्वांत आधुनिक असल्याचं एकमताने ठरलं. चौथ्याबद्दल लोकांचं मत अतिशय चांगलं होतं. तो बंद पडला होता. अक्षरांचं वळण, रंग, सुरक्षितता अशा प्रत्येक गुणाला तपासनीसांनी वजन ठरवून दिलं, आणि बेरीज दर वेळी हलवण्याच्या बाजूने झुकली की पारडं पुन्हा तपासायला घेतलं. खात्यात असताना अशा काट्यावर त्यांनी खुशाल जप्ती आणली असती.

दरम्यान लेखन थांबवणं ओघानेच आलं. घर बदलायच्या आधी कोणी भिंती रंगवत नाही. त्यांनी ब्लॉगवर सूचना लावली : “स्थलांतर विचाराधीन आहे. तूर्त लेखन स्थगित.” तिचा वाचकसंख्येवर काहीही परिणाम झाला नाही. काटे दुरुस्त करून हवे असलेले लोक पूर्वीइतकेच येत राहिले.

सूचनेखाली शेरा मात्र आला नाही. तपासनीस सकाळी पाहत, दुपारी पाहत, जेवून हात पुसता पुसता पाहत. मग एकदा त्यांनी आपली सूचना अक्षर न् अक्षर तपासली. तीत एकही चूक नव्हती. घाईत ठेवायची राहून गेली होती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी दार वाजलं. दारात थोरले उभे होते.

“लिहीत का नाहीस?”

“विचार चालू आहे, दादा.”

“कसला?”

तपासनीसांनी प्लॅटफॉर्म, जाहिराती, सुरक्षितता हे सगळं उभ्याउभ्याच सांगितलं, आणि शेवटी हलक्या आवाजात जन्मतारखेचंही सांगितलं.

थोरल्यांनी बराच वेळ दाराची चौकट न्याहाळली. “मी देणार नाही,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“म्हणून अडून बसलायस?”

तपासनीस दारातून बाजूला झाले. आतून बायकोने खुर्ची आणून ठेवली आणि काही न विचारता चार कपांचं आधण पाच कपांचं केलं. थोरले बसले. चष्मा पुसून म्हणाले, “काय तुलना केलीय ती दाखव. तुझ्या लिहिण्याचा भरवसा नाही.”

तेव्हापासून समितीत ते पाचवे सदस्य आहेत. रोज संध्याकाळी खाली येतात. कधी मुद्द्यांवर बोलणं होतं, कधी आईच्या शेवटच्या दिवसांवर. त्यात डॉक्टर नेमके काय म्हणाले होते याचे दोघांकडचे पाठ वेगळे निघाले, आणि ते जुळवायला दोन-तीन बैठका खर्ची पडल्या.

एकदा सूनबाई न राहवून म्हणाल्या, “हलवायचा नसेल तर नका हलवू. पण एकदाचं ठरवून तरी टाका.” दोघा भावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भरल्या घरात पाहुण्याला चप्पल दाखवली असावी. ठरलं, तर उद्या खाली यायचं ते कशासाठी? सासूने तिला आत बोलावून घेतलं आणि समजावलं की काही गोष्टी ठरवायच्या नसतात, चालवायच्या असतात.

ब्लॉग अजून तिथेच आहे. त्यावर नवं काही येत नाही, आणि तशी कोणाची तक्रारही नाही.

हे वाचून कोणाला हसू आलं असेल तर त्याने जरूर हसावं. आपणही कोणा एकाशी बोलायचं कधीपासून लांबणीवर टाकलं आहे. आधी फोन करावा, की संदेश पाठवावा, की सरळ जाऊन दार वाजवावं, याचा आपण सर्व बाजूंनी विचार करत आहात, असं समजतं. घाई नको. निर्णय होईपर्यंत असं काहीबाही वाचत बसायला आमची हरकत नाही.