मथूबाई पाय आपटतात

एका जंगलात एक तळं होतं. गोष्टीतल्या प्रत्येक जंगलात असतंच. पण हे जंगल होतं उंच डोंगरावर, त्यामुळे हिवाळ्यात ते तळं गोठून टणक व्हायचं. पूर्वी तळं गोठलं की प्राणी म्हणायचे, "अरे देवा, आता प्यायचं काय?" पुढे जंगल सुधारलं. आता तळं गोठलं की प्राणी म्हणतात, "चला चला, पुढची जागा धरा!"

कारण तिथे जोडीच्या स्केटिंगची स्पर्धा भरते.

मुलांनो, जोडीचं स्केटिंग म्हणजे काय, ठाऊक आहे ना? पायांना पात्या बांधायच्या. मग एकाने दुसऱ्याला उचलायचं, फेकायचं, झेलायचं आणि हे सगळं होत असताना दोघांनी हसायचं. घरी असं केलं तर आई ओरडते. बर्फावर केलं तर गुण मिळतात. जंगलातल्या पात्या हाडाच्या असत. कोणाच्या हाडाच्या, हे विचारायची पद्धत नव्हती.

स्पर्धेचा एक नियम होता. जोडीत एक खाणारा हवा आणि एक खाल्ला जाणारा. यामुळे जंगलात एकोपा वाढतो, असं कोल्हे सर म्हणायचे. कोल्हे सर म्हणजे स्पर्धेचे आयोजक. बऱ्याचशा जोड्यांना शिकवायचेही तेच. एकोप्यावर ते इतकं सुंदर बोलत, की ऐकताना कोंबड्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता आपल्या मथूबाई. मथूबाई ही साधी सशीण. त्यांची लेक शेवंती स्केटिंगमध्ये नाव काढत होती आणि शेवंतीचा जोडीदार होता धैर्यशील नावाचा बिबट्या. चांगल्या घरचा, बोलायला मऊ. भेटला की "मावशी, बऱ्या आहात ना?" असं विचारायचा. मथूबाई "बरी आहे हो" म्हणायच्या आणि बिळात दोन पावलं मागे सरकायच्या.

आजवर मथूबाईंनी लेकीचा खेळ कधी पाहिला नव्हता. स्पर्धेच्या दिवशी त्या कान पाठीवर पाडून बिळात बसायच्या आणि शेवंती घरी आली की तिला चारही बाजूंनी तपासून घ्यायच्या. पण यंदा शेवंती उपांत्य फेरीत पोचली. कोल्हे सर स्वतः बोलवायला आले. "मथूबाई, पुढच्या रांगेत आईचा मान असतो. नाही म्हणायचं नाही."

मानाला कोण नाही म्हणतं? मथूबाई गेल्या.

पुढची रांग म्हणजे बर्फाला लागूनच. शेजारी सांबरीण काकू बसल्या होत्या. त्या दरवर्षी यायच्या आणि त्यांना सगळं कळायचं. निदान त्या तसं सांगायच्या.

मथूबाईंना पहिल्यांदा जाणवली ती थंडी. बर्फावरून गारठा सरळ पोटात शिरत होता. मग आवाज. लोकांनी सांगताना म्हटलं होतं, की दोघं पिसासारखी तरंगतात. कुठलं तरंगतात! जवळून ऐकलं तर खर्र खर्र, विळीवर नारळ खवल्यासारखं. धैर्यशील वळला की बर्फाचा चुरा उडून मथूबाईंच्या मिशांवर बसायचा. आणि केवढा वेग! लांबून सगळं सावकाश वाटतं म्हणे. इथे तर शेवंती डोळ्यांसमोर आली म्हणेपर्यंत गेलेली असायची.

धैर्यशीलने शेवंतीला फेकलं. ती हवेत भिंगरीसारखी फिरली. सगळं जंगल गप्प झालं. ती एका पायावर उतरली आणि सगळ्या जंगलाने एकदम श्वास सोडला. मथूबाईंनी मात्र सोडला नाही. त्यांना वाटलं, आपण सोडला तर पोर पडेल.

"काय उतरली हो तुमची शेवंती!" सांबरीण काकू म्हणाल्या. "आता मृत्यूची गिरकी बघा."

"कसली गिरकी?"

"मृत्यूची. तो मधे उभा राहून तिला गरगर फिरवतो. तिचे कान बर्फाला लागतात. फार गोड असते."

"हे नाव कोणी ठेवलं?" मथूबाईंनी विचारलं.

गिरकी झाली. कान बर्फाला लागले आणि शाबूत परतही आले. मथूबाई ते मोजून घेताहेत तोच संगीत हळू झालं. धैर्यशीलने मान खाली घातली, तोंड उघडलं, शेवंतीची मान दातांत धरली आणि तिला उंच उचललं.

"ही आता शेवटची उचल," सांबरीण काकू कुजबुजल्या. "यात विश्वास दिसतो बघा, विश्वास!"

मथूबाईंना विश्वास दिसला नाही. त्यांना दात दिसले.

आता मुलांनो, सशांच्या कुळातली एक रीत सांगायला हवी. संकट दिसलं की थोरल्याने मागचा पाय जमिनीवर आपटायचा. तो आवाज ऐकला की बाकीच्यांनी पळत सुटायचं. सरळ नाही, नागमोडी. का पळायचं, हे विचारायचं नाही. का म्हणून विचारणारे ससेही पूर्वी होते. त्यांचा वंश उरला नाही.

मथूबाईंनी काही ठरवलं नव्हतं. पण त्यांचा पाय उठला आणि बर्फावर आपटला. धप्प!

बर्फातून तो आवाज तळंभर गेला. शेवंतीने ऐकला. तिने धैर्यशीलच्या नाकावर लाथ मारली, दातांतून सुटली आणि पळाली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

धैर्यशील सभ्य होता. त्याला खेळाआधी पोटभर जेवायला घालायचा कोल्हे सरांचा शिरस्ता होता, त्यामुळे भूक अशी त्याला नव्हतीच. पण पळणारा ससा पाहिला की बिबट्याच्या डोक्यातलं संगीत बंद पडतं. तो मागे धावला. कान मागे, नखं बाहेर, आणि गळ्यातून असा आवाज की पुढची रांग पटकन मागच्या रांगेत गेली. मथूबाई तेवढ्या जागच्या जागी दगड होऊन बसल्या.

तळ्याच्या त्या टोकाला शेवंती गर्रकन वळली. धैर्यशीलला वळता आलं नाही. तो पोटावर घसरत परीक्षकांच्या ओंडक्यावर जाऊन आदळला आणि शुद्धीवर आला. शेवंतीलाही भान आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग, इतक्या दिवसांची सवय म्हणून, दोघांनी वाकून नमस्कार केला.

जंगल वेडं झालं. माकडं झाडांवरून पडली. मुख्य परीक्षक घुबडराव दिवसा डोळे उघडत नसत, त्यांनी एक डोळा उघडला. पैकीच्या पैकी गुण!

"काय ती भूक दाखवली!" घुबडराव म्हणाले. "अंगावर पिसं उभी राहिली."

"आमची पहिल्यापासून हीच कल्पना होती," कोल्हे सर म्हणाले.

मथूबाई तळ्यामागच्या झुडपापाशी गेल्या. तिथे शेवंती पात्या सोडत होती आणि धैर्यशील नाक धरून रडत होता. "मावशी, माफ करा हो. देवाशपथ, भूक नव्हती. पायच धावले."

"घरी चल," मथूबाई लेकीला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. त्या पात्या टाक चुलीत."

"आई, पाय का आपटलास तू?" शेवंती चिडली होती. "किती दिवस बसवली होती ती उचल!"

तेवढ्यात कोल्हे सर आले. ते भलतेच खुशीत होते. "मथूबाई, पाय म्हणजे काय पाय आहे तुमचा! अंतिम फेरीला असंच करायचं. मी खूण केली की आपटा. आणि या वेळी धैर्यशीलला आधी जेवण नाही. दोन दिवस कडकडीत उपास. म्हणजे पळणं कसं आतून येईल."

"आणि त्याने धरली तर तिला?"

"कलेसाठी थोडंफार सोसावं लागतं," कोल्हे सर म्हणाले. ते स्वतः रिंगणात उतरत नसत.

मायलेकी घरी निघाल्या. बिळाच्या तोंडाशी मथूबाई म्हणाल्या, "मी काही यायची नाही. तूही जायचं नाहीस."

"तू नको येऊस. मी जाणार."

"अगं, तो उपाशी असेल! बिबट्या आहे तो, तुझा मामा नव्हे. कसला एवढा भरवसा तुला?"

शेवंती म्हणाली, "उचलतो तेव्हा तो श्वास रोखून धरतो, आई. तुला बाहेरून नाही कळत. मला त्याच्या छातीचे ठोके ऐकू येतात. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो."

मुलीचं खरं वाटू लागलं की आईला जास्तच भीती वाटते.

अंतिम फेरीला मथूबाई गेल्या. घरी बसून कोणाचं काळीज जागेवर राहणार होतं? सगळं जंगल लोटलं होतं. आणि गंमत म्हणजे तळ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे मथूबाईंच्या मागच्या पायाकडे बघत होते.

"आज जोरात हं," सांबरीण काकू म्हणाल्या. "मी दोन पोरींना मुद्दाम घेऊन आलेय."

धैर्यशील बर्फावर आला. त्याचं पोट पाठीला लागलं होतं. त्याने शेवंतीचा हात धरला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. खर्र खर्र सुरू झाली. फेकणं झालं, झेलणं झालं, ती भयंकर नावाची गिरकीही झाली. मथूबाई आज पात्यांकडे बघत नव्हत्या. त्या फक्त त्याचा जबडा बघत होत्या. जबड्यातून लाळ गळत होती आणि बर्फावर पडताच गोठत होती.

संगीत हळू झालं. त्याने तोंड उघडलं आणि शेवंतीला उचललं.

पलीकडून कोल्हे सरांनी शेपटी हलवली. आता!

मथूबाईंचा पाय वर उठला. सगळं जंगल पुढे वाकलं.

आपटला, तर पोर पळणार. पोर पळाली, तर हा उपाशी जीव धावणार, आणि आज ओंडका मधे येईलच असं नाही. नाही आपटला, तर पोर आहे तिथेच राहणार. दातांत. मथूबाईंनी लेकीकडे पाहिलं. शेवंतीचे डोळे मिटलेले होते आणि कान सैल पडले होते. सशाचे कान असे सैल कधी पडतात, सांगू? आईच्या कुशीत झोपल्यावर. एरवी जन्मात नाही.

मग मथूबाईंनी धैर्यशीलकडे पाहिलं. त्याची छाती हलत नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो श्वास रोखून उभा होता.

मथूबाईंनी पाय खाली घेतला, पोटाखाली ओढला आणि त्यावर बसल्या. पाय आतल्या आत ओढ घेत होता. त्यांनी सगळं वजन टाकून तो दाबून धरला.

धैर्यशील हळूहळू वाकला. त्याने शेवंतीला बर्फावर ठेवलं, इतकं अलगद की ठेवल्याचा आवाज आला नाही. मग तिच्यापासून चार पावलं मागे सरला आणि तेव्हा कुठे श्वास घेतला.

मथूबाईंना हुंदका आला. असं सुंदर काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या दोन्ही पंजांनी टाळ्या वाजवू लागल्या.

एकट्याच वाजवत होत्या.

"संपलं?" मागून एक माकड म्हणालं.

"पळापळी नाही?" सांबरीण काकूंच्या पोरींनी विचारलं. काकूंनी मथूबाईंकडे पाहिलं. लग्नात जेवायला न वाढलेल्या पाहुण्यासारखं ते बघणं होतं.

घुबडरावांनी दोन्ही डोळे मिटूनच निकाल सांगितला. "मागच्या वेळी बिबट्याची भूक किती खरी वाटली होती! या वेळी अभिनय अगदीच कमी पडला. पोट भरलेलं असावं. सशीणही झोपेत असल्यासारखी वाटली. दोघांचे गुण कापण्यात येत आहेत."

मग शेवटची जोडी आली. लांडगा आणि एक करडू. त्यांनी फेऱ्या घेतल्या, उचल घेतली आणि तळ्याकाठच्या उंच गवतामागे दिसेनासे झाले. जरा वेळाने लांडगा एकटाच बाहेर आला आणि त्याने वाकून नमस्कार केला. टाळ्या थांबेनात. "शेवट प्रेक्षकांवर सोडला आहे," घुबडराव गहिवरून म्हणाले. पैकीच्या पैकी मिळाले. जोडीच्या वतीने लांडग्याने बक्षीस स्वीकारलं. भाषण त्याने केलं नाही. तोंडात घास होता.

तळ्यामागच्या झुडपापाशी शेवंती मुसमुसत होती. मथूबाईंनी तिला जवळ घेतलं. मग थोडं थांबून त्या धैर्यशीलपाशी गेल्या. दोन पावलं मागे सरकल्या नाहीत. त्याच्या पंजावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, मी पाहिलं हो."

धैर्यशीलने मान हलवली. ओठ त्याने घट्ट मिटले होते. मग दातांवर दात धरून तो म्हणाला, "मावशी, तुम्ही दोघी आता घरी जा. आणि जरा पळत जा. कार्यक्रम संपलाय आणि मला फार वेळ आवरणार नाही."

मायलेकी पळाल्या. नागमोडी.

तात्पर्य: जोडीदारावर विश्वास जरूर ठेवावा, पण तो परीक्षकांसमोर ठेवू नये, गुण कापले जातात. ज्यांना बक्षीसच हवं असेल त्यांनी जोडीदार खाऊन टाकावा. त्याला कला म्हणतात.