दिघेकाकांचा पहिलवान

दर रविवारी सकाळी दिघेकाका आमच्याकडे येतात ते थेट कूलरकडे. खांद्यावर रबरी नळी, हातात बालदी. आधी माझ्या लेकीचे, चिऊचे दंड उलटसुलट तपासतात, मग "सूनबाई, पाणी काढतो" म्हणतात. आपण हो म्हणेपर्यंत टाकी रिकामी! खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांनी एकही कूलर सोडलेला नाही.

काका पोस्टातून रिटायर झालेले, एकटेच राहतात. त्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीत एक प्रार्थना कीटक असतो. बोटाएवढा, हिरवागार, पुढचे करवतीसारखे पाय जोडून बसलेला. काका त्याला 'पहिलवान' म्हणतात. कुणी किंचाळलं की यांचं सुरू, "अरे, उसकी तो सिर्फ शक्ल खराब है! माशा खातो, टोळ खातो, आपल्या वाटेला जात नाही. आणि त्या बाईसाहेब? राईएवढ्या. दिवसाढवळ्या येतात आणि घर रिकामं करून जातात." बाईसाहेब म्हणजे डास. चावते ती मादीच, म्हणून.

गेल्या रविवारी मात्र माझं डोकं फिरलं. घरात पाहुणे घामाघूम, आणि काकांनी कूलर बंद करून नळी सोडली. वर माझ्या नणंदेला पहिलवानाचं कौतुक ऐकवलं. यापुढे येऊ नका, असं तोंडावर सांगायला मी संध्याकाळी तणतणत त्यांच्याकडे गेले.

काका उकाड्यात पंच्याने वारा घेत बसले होते. खिडकीत कूलर होता, पण कोरडा ठणठणीत.

"हा का नाही लावत?" मी विचारलं.

"तुझ्या काकू गेल्यापासून नाही लावला."

काकू डेंग्यूने गेल्या, हे गल्लीला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"पडद्यावर असाच एक पहिलवान बसला होता. ती घाबरून ओरडली. मी चप्पल घेऊन धावलो, मारला. मग ती दंड चोळत म्हणाली, अहो, डास चावला. मी म्हटलं, डासच तर आहे! टाकीतलं पाणी मीच कित्येक दिवस बदललं नव्हतं गं." त्यांनी तोंड फिरवलं. "तू ओरडायला आली होतीस ना? ओरड."

मला रडूच आलं. तशीच घरी परतले.

आज रविवार. दहा वाजले तरी काका आले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या दारात गेले.

"काका, आमच्या कूलरचं पाणी कोण काढणार?"

त्यांनी घाईघाईने नळी खांद्यावर टाकली. बालदी घ्यायलाही विसरले.

"चिऊचे दंड बघितलेस का आज?"