ओट्यावरचे डॉक्टर

टाय लावलेला मानसोपचार डॉक्टर लोकांच्या ओट्यावर धरणं धरून बसायचा, हे सांगितलं तर आजही कुणाला पटत नाही. मी त्यांच्या शेजारी बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात सोशल वर्कर होतो आणि आमचे डॉक्टर गावंडे. पेशंट बरा झाला आणि घरचे न्यायला आले नाहीत, की डॉक्टर त्याला रिक्षात घालून थेट घरी नेत. दार लागलं, तर ओट्यावर रुमाल अंथरून बसत. कुणी हटकलंच तर म्हणत, "बसू द्या ना भाऊ, आपल्याले काई घाई नाई." गल्ली जमली की तिलाच आजार समजावून सांगत. बाकीचे डॉक्टर कपाळाला हात लावत. गोळ्या द्यायच्या सोडून हे पुढारीपण कशाला, म्हणत. खरं सांगतो, मीही त्या बाकीच्यांच्याच बाजूचा. मला त्या ओट्यांची लाज वाटायची.

लकडगंजच्या सुमनबाईंना बरं होऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ न्यायला येईना. भर मे महिन्यात आम्ही तिघं त्याच्या ओट्यावर. दुपारी तो बाहेर आला.

"डॉक्टर, तुमी ठेवला असता काय असा माणूस घरी?"

आता भाषण होणार, असं मला वाटलं. डॉक्टरांनी टाय सैल केला.

"नाई ठेवला. माहा मोठा भाऊ आमच्या हॉस्पिटलातच हाय, नऊ नंबरच्या वार्डात. बरा हाय. बायको नाई म्हणते, आन् मी गप बसतो."

मी हादरलोच. नऊ नंबरचे बापूराव? रजिस्टरात आडनाव भलतंच होतं. 'भेटीला कोणी नाही' असं दर महिन्याला मीच लिहीत होतो. डॉक्टर रोज संध्याकाळी त्यांचे केस विंचरायचे, तेही पाहत होतो. विक्षिप्त माणूस, एवढं म्हणून सोडून द्यायचो.

मग आतून सुमनबाईंची वहिनी आली आणि त्यांची पेटी उचलून आत घेऊन गेली. भाऊ दारातून बाजूला झाला.

सुमनबाई उंबऱ्यात थांबल्या. "डॉक्टरसाहेब, तुमच्या घरी कोण जाऊन बसन?"

"तेच तं समजून नाई राहिलं, बाई."

"मी येईन उद्या. पत्ता द्या."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. ते माझ्या हातात ठेवलं, आणि त्यांनी सांगितलेला पत्ता मीच लिहिला.