येतो म्हणजे जातो

"बेस कॅम्प? अहो, माझ्यासाठी ती घराजवळच्या शॉमबर्गच्या मॉलमधली चक्कर आहे!" असं गिरीशराव देवस्थळी भेटेल त्याला सांगायचे. नुकतेच रिटायर झालेले इंजिनिअर, गुडघे अजून स्वतःचेच, आणि आवाज दोन माणसांचा! अडचण एकच. एव्हरेस्ट बेस कॅम्पची परवानगी लेकीच्या हातात होती, आणि लेक वैदेही डॉक्टर होती.

"बाबा, आधी कोलोरॅडोतला हट-टू-हट ट्रेक करून दाखवा. थंडीत, बर्फात. एक जरी गोंधळ झाला ना, तर बेस कॅम्प कॅन्सल!"

"गोंधळ? आणि मी?" गिरीशराव इतके हसले की चहा सांडला.

तर ऐन जानेवारीत मंडळी निघाली. गिरीशराव, त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र परीक्षित, त्याची बायको यामिनी आणि त्यांची मुलगी केया. रोज बर्फ तुडवत एका लाकडी हटवरून दुसऱ्या हटवर जायचं आणि तिथे मुक्काम करायचा. केया इकडेच जन्मलेली, बर्फात तरबेज, त्यामुळे लीडर तीच. तिचा नियम साधा होता. तिला सांगितल्याशिवाय कुणी कुठेही जायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी गिरीशरावांचा छोटासा घात झाला. संडास हटपासून लांब, बर्फात एकटाच उभा होता, आणि आत खोल खड्डा. गिरीशराव कडी लावायला वाकले आणि सुचित्रानं, म्हणजे बायकोनं, हौसेनं विणलेली लाल टोपी सरळ खड्ड्यात! आता याला गोंधळ म्हणायचं का? छे! कुणाला कळलं तर गोंधळ. गिरीशराव कान चोळत परत आले आणि गप्प राहिले.

सकाळी त्यांना नामी कल्पना सुचली. सगळ्यांच्या आधी पुढची हट गाठायची, चहा तयार ठेवायचा आणि फोटो वैदेहीला! परीक्षित आणि यामिनी घोरत होते. केया शेगडीवर बर्फ वितळवत होती. नियम म्हणजे नियम. पण एवढ्या बर्फात निघताना तोंडानं 'जातो' कसं म्हणायचं? आईनं लहानपणीच बजावलेलं!

"केया, येतो गं!"

"ओके, काका!"

आणि गिरीशराव संडासावरून पुढे जाणाऱ्या वाटेला लागले. काय चालले म्हणून सांगू! दुपारच्या आत पुढची हट गाठली, आलं ठेचून चहा केला. प्यायला कुणी नाही. पुन्हा उकळला. चहाचा काढा झाला तरी मंडळींचा पत्ता नाही. "काय हे स्लो लोक!" गिरीशराव खूश होऊन म्हणाले.

एवढ्यात स्नोमोबाइलवरून बचाव पथकाचे दोघे आले. "मागच्या हटवरून एक म्हातारे गृहस्थ हरवलेत. लाल टोपी आहे, कदाचित भ्रमिष्ट असतील. नाव रेडिओवर नीट ऐकू आलं नाही, ग्रीस की काहीतरी."

"ग्रीक असणार बिचारा!" गिरीशराव हळहळले. "या वयात घरचे एकट्याला सोडतातच कसे? चला, मी येतो शोधायला. लहानपणापासून सह्याद्री पालथा घातलाय!"

वाटेभर ते "मिस्टर ग्रीस! मिस्टर ग्रीस!" अशा हाका मारत होते. मागच्या हटपाशी पोचले, तर संडासाचं दार बर्फात आडवं पडलेलं, परीक्षित दोरी घेऊन खड्ड्यावर ओणवा झालेला आणि यामिनी रडत होती.

"गिऱ्या! दोरी पकड रे, गिऱ्या!"

"कोण पडलंय?" गिरीशरावांनी मागून विचारलं.

परीक्षित असा उडाला की तोच खड्ड्यात जायचा! मग त्यानं मित्राला कडकडून मिठी मारली आणि त्या मिठीतच चार शिव्या घातल्या.

"अरे, तासन्‌तास वाट बघितली तुझी! तुझी पावलं संडासाकडे गेलेली आणि दार गोठून बसलेलं. आम्हाला वाटलं, तू आत चक्कर येऊन पडलास. बचाव पथकाला कळवलं, मग फावड्यानं दार तोडलं, तर आत तू नाहीस. टॉर्च मारला, तर खाली तुझी टोपी!"

"पण मी केयाला सांगून गेलो होतो!"

"तुम्ही म्हणालात, येतो!" केया ओरडली. "आय ॲम कमिंग! ममानं विचारलं काका कुठेत, मी म्हटलं, ही इज कमिंग!"

"अगं, येतो म्हणजे जातो!"

"काका, हाऊ कॅन कमिंग बी गोइंग?"

बचाव पथकाचा एक जण वहीत डोकं खुपसून हसत होता. "मिस्टर ग्रीस सापडले," एवढंच तो रेडिओवर बोलला.

केयाच्या सॅटेलाइट फोनवर वैदेही होती. गिरीशरावांनी घसा साफ केला. "बेटा, तसा काही गोंधळ नाही..."

"बाबा, मला तुमच्या टोपीचा फोटो आलाय. कुठे आहे तेही कळलंय. बेस कॅम्प कॅन्सल!" आणि मग ती रडायलाच लागली. एव्हरेस्ट जाऊ दे, पण पोरीला रडवलं!

पुढे जायला आता उशीर झाला होता, म्हणून मुक्काम तिथेच पडला. आणि एवढा काढा ढोसल्यावर जे व्हायचं तेच झालं. गिरीशराव चुळबुळत उठले. त्याबरोबर तिघंही उठली. एकट्यानं जायला आता बंदी होती, आणि संडासाला दार नव्हतं!

बोचऱ्या वाऱ्यात परीक्षित आणि केया पाठमोरे उभे राहून घोंगडी धरून होते. यामिनी टॉर्च घेऊन पहाऱ्याला. आत बेस कॅम्पचे विजेते उघड्या कानांनी कुडकुडत बसलेले.

"काका, झालं?" केयानं विचारलं.

"हो, येतो!"

बाहेरून तिघंही एका सुरात ओरडली, "नक्की काय ते सांगा!"